काखेत कळसा

प्राध्यापकाने फावल्या वेळात काय करावे, यासंबंधी आपल्या समाजाची मते फार निश्चित आहेत. त्याने वाचावे, टेकडीवर फिरावयास जावे, फार तर बुद्धिबळे मांडावीत. तो ब्रिज खेळला तरी लोक ती गोष्ट त्याच्या बुद्धिमत्तेच्या खात्यावर जमा करतात. परंतु पंचावन्न वर्षांचा, इंग्रजी वाङ्मय शिकवणारा एक गृहस्थ रात्रीच्या जेवणानंतर टॅब्लेटच्या पडद्याला नाक लावून, एका पडक्या वाड्याच्या चित्रात कंगवा, बदक आणि तीन मेणबत्त्या शोधत बसला आहे, हे दृश्य पाहून आल्यागेल्याच्या मुद्रेवर जे भाव उमटतात त्यांत कीव अधिक असते की काळजी, एवढाच काय तो प्रश्न उरतो. माझ्या एका स्नेह्यांनी तर "हे विद्यार्थ्यांसाठी पाहता आहात वाटते?" असे विचारून मला सुटकेची वाटही काढून दिली होती. मी त्या वाटेने गेलो नाही. "नाही, माझ्यासाठीच," असे उत्तर दिले, आणि तेव्हापासून या खेळांची बाजू एकदा नीट मांडावी, तसेच त्यांच्याविषयी असलेल्या माझ्या तक्रारीही सांगून टाकाव्यात, असे मनात घोळत आहे.

इंग्रजीत या खेळांना 'हिडन ऑब्जेक्ट' म्हणतात. आपण त्यांना शोधखेळ म्हणू. पडद्यावर एखाद्या दिवाणखान्याचे, तळघराचे किंवा जत्रेतल्या दुकानाचे चित्र असते आणि आपल्याकडच्या माळ्यालाही लाजवील इतक्या वस्तू त्यात कोंबलेल्या असतात. खाली दहाबारा वस्तूंची यादी असते. वस्तू दिसली की तिच्यावर टिचकी मारायची, म्हणजे तिचे नाव यादीतून नाहीसे होते. यादी संपली की एखादी किल्ली, एखादे दातेरी चाक किंवा चिठ्ठीचा फाटका तुकडा हाती लागतो. त्याच्या साहाय्याने पुढच्या दारावरचे कोडे सोडवायचे आणि आत शिरायचे. कथानक बहुधा ठरलेले: कोणी तरी नाहीसे झाले आहे, वाडा जुना आहे, आणि वाड्याचा मालक भला मनुष्य नव्हता.

हा खेळ आजकालचे खूळ आहे असे समजणाऱ्यांनी आपले बालपण आठवावे. एका झाडाच्या फांद्यांत सहा पक्षी दडले आहेत, ते शोधून काढा, अशा जातीची चित्रे आपणांपैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिली असतील. अमेरिकेत १९४६ साली निघालेल्या 'हायलाइट्स' या मुलांच्या मासिकाने पहिल्या अंकापासूनच असे एक चित्र देण्याची प्रथा पाडली. पुढे १९८७ साली मार्टिन हँडफर्ड या इंग्रज चित्रकाराने हजारो माणसांच्या गर्दीत तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यातला आपला वॉली दडवला आणि घरोघरच्या मुलांना वेड लावले. संगणकावर या प्रकाराला खरा बहर आला तो २००५ पासून. त्या वर्षी सिअॅटल येथील 'बिग फिश गेम्स' या संस्थेने 'मिस्टरी केस फाइल्स' मालिकेतला 'हंट्सव्हिल' हा खेळ काढला. पुढच्याच वर्षी आलेल्या 'रेव्हनहर्स्ट'मध्ये इंग्लंडातला एक ओसाड वाडा, एमा नावाच्या स्त्रीच्या रोजनिशीची फाटकी पाने, आणि दारांवर यंत्रांसारखी विचित्र कुलपे, अशी सगळी सामग्री एकत्र आली. ती आजतागायत पुरते आहे.

या खेळांचे दुसरे कूळ मात्र अगदी निराळे आहे. विल क्राउदर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाला गुहा धुंडाळण्याचा नाद होता. पत्नीपासून विभक्त झाल्यावर, मुलींना आपल्याजवळ काही तरी गंमत वाटावी म्हणून, १९७६ च्या सुमारास त्याने केंटकीतल्या मॅमथ गुहेच्या आधारे एक खेळ रचला. त्यात चित्र नव्हते. 'उत्तरेकडे जा', 'दिवा घे', असे शब्द लिहायचे आणि संगणक पुढे काय दिसते ते शब्दांतच सांगायचा. 'साहस' या नावाने पुढे जी खेळांची जात प्रसिद्धीस आली तिचा हा आदिपुरुष. १९९३ साली रँड व रॉबिन मिलर या बंधूंच्या 'मिस्ट'ने त्या जातीला निर्जन बेटाची सुंदर चित्रे दिली, आणि कोणाचाही पाठलाग न करता, कोणावरही बंदूक न रोखता, केवळ पाहून व विचार करून खेळता येते, हे लाखो लोकांना पटवून दिले. आजचे शोधखेळ हा या दोन प्रवाहांचा संगम आहे. मुलांच्या मासिकातले चित्र एका बाजूने आले आणि गुहेतला दिवा दुसऱ्या बाजूने. एका विभक्त झालेल्या पित्याची माया या कुळाच्या मुळाशी आहे, ही गोष्ट मला या खेळांचा उपहास होताना नेहमी आठवते.

आता या खेळांत असे आहे तरी काय? माझ्या मते त्यांच्या मुळाशी एक करार आहे. खेळ रचणारा खेळणाऱ्याला सांगतो, "मी यादीत लिहिलेली प्रत्येक वस्तू या चित्रात आहे. ती मी लपवीन, पण ती तुझ्या डोळ्यांसमोरच असेल." करार एवढाच, परंतु तो किती इमानाने पाळला गेला यावरून चांगला खेळ कोणता आणि वाईट कोणता, हे मी ठरवतो.

लपवण्याचीही एक विद्या आहे. एडगर अॅलन पो याने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या एका गोष्टीत चोरलेले पत्र सर्वांना दिसेल अशा जागी, मामुली कागदांसाठी टांगलेल्या पेटीत उघडेच ठेवलेले असते, आणि घराचा कोपरान्कोपरा उकरणाऱ्या पोलिसांना ते सापडत नाही. उत्तम शोधखेळाचा चित्रकार याच पंथातला असतो. तो सापाला पडद्याच्या दोरीची वळणे देतो, बासरी जिन्याच्या कठड्यात उभी करतो, लाकडाच्या शिरांतून मासा काढतो. हे का साधते याचे उत्तर मानसशास्त्रज्ञांकडे आहे. अॅन ट्रीझमन या विदुषीने १९८० साली आपल्या सहकाऱ्याबरोबर असे दाखवून दिले की, एकाच गुणाने वेगळी असलेली वस्तू, उदाहरणार्थ हिरव्या ठिपक्यांतला एकुलता एक तांबडा ठिपका, आपण होऊन नजरेत भरते. परंतु रंग आणि आकार हे दोन्ही गुण जुळवून एखादी वस्तू ओळखायची असेल तर लक्षाला एकेका वस्तूपाशी थांबत जावे लागते. चांगला चित्रकार आपल्याला असे थांबावयास लावतो. तांबडी किल्ली तो तांबड्या फुलांत ठेवतो; मग रंग फितूर होत नाही आणि आकार शोधणे भाग पडते. जेव्हा ती दिसते तेव्हा "अरेच्चा, ही तर येथेच होती!" असा उद्गार आपोआप निघतो. 'काखेत कळसा अन् गावाला वळसा' ही म्हण ज्या कोणी रचली त्याला या आनंदाचे मर्म पुरते कळले होते.

उलटपक्षी, वाईट चित्रकार अंधाराचा आश्रय करतो. तपकिरी फरशीवर तिळाएवढे तपकिरी नाणे टाकणे, किंवा पारदर्शक केलेले पीस धुक्यात सोडून देणे, याला लपवणे म्हणत नाहीत. ती वस्तू सापडल्यावर आनंद होत नाही, राग येतो. कारण आपण पाहण्यात कमी पडलो नव्हतो, आपल्याला पाहू दिले गेले नव्हते. विद्यार्थ्यांनी वर्गात जे ऐकले त्यावर विचार करावयास लावणारी प्रश्नपत्रिका आणि पुस्तकाच्या तळटिपेतला सनावळीचा आकडा विचारणारी प्रश्नपत्रिका, यांत जे अंतर आहे तेच येथेही आहे. मी तीस वर्षे प्रश्नपत्रिका काढीत आलो आहे, तेव्हा हा भेद मला थोडाफार कळतो असे म्हणण्यास हरकत नसावी.

यादीतल्या शब्दांची गंमत आणखी वेगळी. इंग्रजी ही द्व्यर्थी शब्दांची मोठी कोठी आहे, आणि हे खेळ रचणारे त्या कोठीतून मनसोक्त लूट करतात. 'बो' म्हटले की मी भिंतीवर धनुष्य शोधत असतो, आणि ते बाहुलीच्या केसांतल्या फितीच्या गाठीवर टपलेले असते. 'क्रेन' शोधताना बंदरावरची यारी धुंडाळावी, तर पडद्याच्या नक्षीत करकोचा उभा! हे पाहताना मला नेहमी वाटते की, असा खेळ कोणी मराठीत रचला तर इंग्रजीला हार जावे लागणार नाही. 'पान' हा एकच शब्द घ्या. झाडाचे, पुस्तकाचे, विड्याचे आणि पंगतीत मांडलेले, अशी चार पाने एका चित्रात ठेवून यादीत नुसते 'पान' लिहावे आणि खेळणाऱ्याची धांदल पाहावी. 'माळ' म्हणजे गळ्यातली की गावाबाहेरची? 'नाव' पाण्यावर शोधावयाची की पाटीवर? ज्या भाषेत कोडी आणि उखाणे परंपरेने चालत आले आहेत, तिला हे खेळ परके वाटण्याचे कारण नाही.

कोड्यांच्या बाबतीत मात्र मला इतके उदार होता येत नाही. या खेळांतल्या जगात व्यवहारबुद्धी नावाची वस्तू फार दुर्मिळ आहे. नायिकेच्या हाती भक्कम पहार असते, ती एका खिडकीच्या फळीला लावताच मोडते, आणि पुढच्या खोलीत पुन्हा फळी आली की पुन्हा नवी पहार शोधण्याचे नशिबी येते. स्वयंपाकघराचे दार उघडण्यासाठी पितळी घुबडाचे दोन डोळे लागतात, त्यांतला एक तळघरात आणि दुसरा कबरीत! त्या घरातल्या माणसांना सकाळचा चहा मिळण्यास किती वाजत असतील, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही. या वेडेपणाचा कळस १९९९ सालच्या 'गॅब्रिएल नाइट'च्या तिसऱ्या भागात झाला. त्यात नायकाला मित्राच्या नावावर दुचाकी भाड्याने घ्यायची असते. म्हणून तो मांजराचे केस जमवून, ते पाकाने ओठावर चिकटवून मिशी तयार करतो. गंमत अशी की मित्राला मिशीच नाही. म्हणून त्याच्या पारपत्रावरील छायाचित्रालाही शाईने मिशी काढावी लागते! असले कोडे सोडवण्यास बुद्धी लागत नाही. कोडे रचणाऱ्याला त्या दिवशी काय झाले होते, ते ओळखण्याची शक्ती लागते.

तथापि सगळाच वेडेपणा मी टाकाऊ मानीत नाही. विरहाने व्याकूळ झालेला संगीत नाटकातला नायक 'वन्समोअर' मिळताच तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा म्हणतो, तेव्हा आपण कोठे कुरकुरतो? त्या त्या कलेचा एक संकेत असतो, आणि तो एकदा मान्य केला की आतला रस मिळू लागतो. प्रश्न एवढाच की, संकेताच्या चौकटीत तरी न्याय असावा. या दृष्टीने 'फायरप्रूफ गेम्स' या इंग्लंडातील मंडळींचा २०१२ सालचा 'द रूम' हा खेळ मला आदर्श वाटतो. त्यात वाडा नाही, कबर नाही. प्रारंभी मेजावर एक पेटी आहे, आणि तिच्या भोवती आपण फिरतो. कोठे तरी एक पट्टी सरकते, एक कप्पा उघडतो, आत आणखी एक पेटी. प्रत्येक खिट्टी जिथे आहे तिथे का आहे, हे उघडल्यावर पटते. चेकोस्लोव्हाकियाचे विभाजन होऊन निर्माण झालेल्या चेक देशातल्या 'अमानिता' या संस्थेचा २००९ सालचा 'मॅशिनेरियम' तसाच. एका चिमुकल्या यंत्रमानवाची ती कथा असून तीत संवादाचा एक शब्दही नाही. जे सांगायचे ते डोक्यावरच्या ढगात चितारलेले. आणि नेदरलँड्समधील दोघा कलावंतांनी २०१७ साली केलेला 'हिडन फोक्स' तर निव्वळ काळ्यापांढऱ्या रेषांचा. त्यात दाराची करकर, माकडाची चिरचिर, पाण्याचे थेंब, हे सारे आवाज त्यांनी तोंडाने काढलेले आहेत. तो खेळताना एखाद्या हुशार काकांनी पोराबाळांना जमवून नकला कराव्यात तसे वाटते.

या खेळांतली आणखी एक सोय मनुष्यस्वभावाची परीक्षा पाहण्यास फार उपयोगी आहे, ती म्हणजे 'हिंट'ची कळ. वस्तू सापडेना की ती दाबायची, म्हणजे ती वस्तू चमकते. मात्र नंतर काही वेळ ती कळ निपचित पडते. माझी पत्नी ही कळ निःसंकोच दाबते. "सोय केलेली आहे ती वापरण्यासाठीच ना?" हा तिचा युक्तिवाद, आणि संसारातही तिचे बहुतेक निर्णय याच न्यायाने झालेले असल्यामुळे तो खोडून काढण्याचे धाडस मी करीत नाही. माझा मुलगा चित्रभर अंदाधुंद टिचक्या मारीत सुटतो. पुष्कळ खेळ अशा टिचक्यांना दंड करतात, तरीही त्याचा आशावाद ढळत नाही. मी स्वतः कळ दाबीत नाही. एका मोजमापाच्या फुटपट्टीसाठी मी दोन रात्री घालवल्या आहेत, आणि ती शेवटी खिडकीच्या चौकटीची कड म्हणून उभी असलेली निघाली तेव्हा त्या चित्रकाराला मनोमन नमस्कार केला आहे. 'मॅशिनेरियम'च्या कर्त्यांनी यातून मोठी मार्मिक तोड काढली आहे. तेथे उत्तरांचे पुस्तक मिळते, परंतु ते उघडण्यासाठी एक किल्ली कोळ्यांच्या हल्ल्यांतून सुखरूप न्यावी लागते. आळस करायचा तर त्यालाही थोडे श्रम पडावेत, हे धोरण आमच्या मार्गदर्शिका छापणाऱ्यांनी अवश्य उचलावे.

येथवर माझ्या तक्रारी प्रेमाच्या होत्या. आता जी सांगतो ती तशी नाही.

पूर्वी हे खेळ पुस्तकासारखे विकत मिळत. एकदा पैसे मोजावेत, खेळ घरी आणावा आणि सावकाश संपवावा. तसे खेळ आजही मिळतात. पोलंडातील 'आर्टिफेक्स मुंडी' ही संस्था अशा खेळांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु त्यांच्या बरोबरीने 'फुकट' खेळांचा बाजार फार वाढला आहे. या खेळांत 'एनर्जी' नावाचा एक साठा असतो. प्रत्येक चित्र उघडले की तो कमी होतो, आणि संपला की खेळ थांबतो. मग ताटकळत बसा, नाही तर पैसे भरा. म्हणजे येथे विकली जाते ती वस्तू खेळ नव्हे. खेळणाऱ्याची अधीरता हाच तेथला माल. या धंद्यात कोणाकोणाला गोडी वाटू लागली हे पाहण्यासारखे आहे. मघाशी उल्लेख केलेली 'बिग फिश' ही संस्था २०१४ साली 'चर्चिल डाउन्स' या, केंटकीतील प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यती चालवणाऱ्या कंपनीने विकत घेतली; आणि २०१८ साली ती जुगाराची यंत्रे बनवणाऱ्या 'अॅरिस्टोक्रॅट' या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे गेली. मुलांच्या मासिकातल्या निरागस चित्राचा वंशज असा शर्यतीच्या मैदानावरून जुगाराच्या यंत्रांपर्यंत जाऊन पोहोचला! यात कायद्याच्या दृष्टीने वावगे काही नाही. पण मूळच्या कराराची आठवण ज्याला आहे त्याच्या मनाला ही वाटचाल टोचल्यावाचून राहणार नाही.

मला ती का टोचते, हे सांगण्यासाठी घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गेली तीन-चार वर्षे तिच्या स्मरणातून नावे गळत चालली आहेत. आधी दूरच्या नातलगांची गेली, मग भांड्याकुंड्यांची. "ते हे आण रे, ते आपलं... ते," असे म्हणून ती बोटांनी हवेत आकार काढते आणि शब्द न सापडल्यामुळे स्वतःवरच चिडते. एके दिवशी मी खेळत असता ती शेजारी येऊन बसली. इंग्रजी तिला येत नाही, म्हणून मी यादी मराठीत सांगू लागलो. "आई, कात्री कुठे दिसते का बघ." "ती काय, त्या बाईच्या तसबिरीमागे." मला ती दहा मिनिटे दिसली नव्हती. त्या दिवसापासून हा आमचा रोजचा कार्यक्रम झाला. मी शब्द सांगायचा आणि तिने वस्तू दाखवायची. एकदा यादीत आक्रोड फोडण्याचे हत्यार होते. त्याला मराठीत काय म्हणावे या विचारात मी असतानाच तिने पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "हा अडकित्ता इथे कशाला ठेवलाय मेल्यांनी?" वस्तू बरोबर होती. शब्दही, माझ्या मते, पुष्कळसा बरोबर होता. आणि मुख्य म्हणजे तो तिला सापडला होता.

हे औषध आहे असा दावा मी करीत नाही. डॉक्टरांनीही तसे काही सांगितलेले नाही, आणि गेलेली नावे या खेळाने परत आलेली नाहीत. परंतु दिवसा तिचे जे चालते ते पाहिले म्हणजे संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासाचे मोल कळते. दिवसभर ती घरात काही ना काही शोधत असते. वडिलांचे चष्म्याचे घर शोधते. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. पितळी पानाचा डबा शोधते. तो साताऱ्याचा वाडा सोडताना गेला, त्याला तीस वर्षे होऊन गेली. कपाटे उघडते, खण उपसते, आणि मला विचारते, "तू पाहिलास का रे?" यावर काय उत्तर द्यावे? डबा नाही म्हणावे तर तिला आताच गेल्यासारखे दुःख होते. आहे म्हणावे तर शोध संपत नाही. तिच्या यादीत वस्तू आहेत, पण त्या चित्रात नाहीत.

अशाच एका संध्याकाळी, वर सांगितलेल्या फुकट जातीचा एक खेळ आम्ही लावला होता. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. ही रीत आता पुष्कळांची आहे. आईला यादीतली शेवटची वस्तू, एक लहानशी घंटा, दिसली होती. "ही बघ, ही बघ," म्हणत तिने बोट पुढे केले, आणि तेवढ्यात साठा संपल्याची पाटी येऊन चित्र झाकले गेले. पाटीवर नाण्यांचा ढीग होता आणि खाली किंमत. आईने बोट झटकन मागे घेतले. "माझ्या हातून बिघडलं का रे काही?" तिने विचारले. मी "नाही" म्हटले, खेळ बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी पैसे देऊन विकत मिळणारा एक जुना खेळ आणला. त्याची किंमत हॉटेलातल्या एका साध्या जेवणाहून जास्त नव्हती.

जे सापडणारच आहे ते शोधण्यात पुरुषार्थ कसला, असा प्रश्न विद्वान लोक या खेळांविषयी विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. परंतु माणसाच्या आयुष्यातले बहुतेक शोध कशाच्या भरवशावर चालतात? मुलाला नोकरी, मुलीला स्थळ, आजाराला कारण, तुटलेल्या स्नेहाला पुन्हा जोडणारा एखादा शब्द, हे सारे आपण शोधतो, आणि ते मुळात आहे की नाही हे कोणीही आपल्याला आधी लिहून देत नाही. यादी हातात असते. चित्राची हमी नसते. दिवसभर असले शोध केल्यावर अर्धा तास अशा जागी बसावे की जेथे प्रत्येक वस्तू निश्चितपणे आहे आणि उणीव असलीच तर ती फक्त आपल्या नजरेची आहे, यात मला पळपुटेपणा दिसत नाही. थकलेल्या लक्षाला ती विश्रांती आहे, आणि ज्याचे लक्षच हातातून निसटू लागले आहे त्याला तो एक आधार आहे. म्हणून खेळ रचणाऱ्यांकडे माझे मागणे फार थोडे आहे. चित्रे साधी चालतील, वाडा तोच तो असला तरी चालेल, पहारही खुशाल मोडो. लपवा, हवे तितके लपवा. परंतु यादीत लिहाल ते चित्रात ठेवा, आणि ते दिसल्यावर पाहणाऱ्याच्या बोटाआड किंमतीची पाटी आणू नका.

परवा दुपारभर डब्याचा शोध झाला. सगळे खण झाले, देवघर झाले. संध्याकाळी आई दमून खुर्चीत बसली आणि स्वतःच म्हणाली, "तो तुझा खेळ लाव. तिथे सापडतं."